इंदूरचे कर्नल: होळकरांचा संघ घडवणारे सी. के. नायडू

सन १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर दरबाराने नागपूरच्या एका तरुणाला सन्मानाने बोलावून घेतले आणि संस्थानच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. दरबाराचा मानाचा पोशाखही त्याला बहाल झाला. संस्थानापुढे कोणतेही युद्ध उभे नव्हते आणि त्या तरुणाने तोवर रणभूमी पाहिलेली नव्हती. त्याची कर्तबगारी हिरवळीवरची होती. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत त्याच्या उत्तुंग फटक्यांनी प्रेक्षकांना वेड लावले होते. महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांना आपल्या संस्थानाचे क्रिकेट उभे करायचे होते आणि त्यासाठी त्यांनी हा माणूस हेरला होता. कोट्टरी कनकय्या नायडू हे त्याचे नाव. पुढे सारा देश त्यांना सी. के. या दोनच अक्षरांनी ओळखू लागला आणि इंदूरसाठी ते कायमचे कर्नल झाले.

आज कोणत्याही राज्याचा क्रिकेट संघ दुबळा ठरू लागला की पहिला विचार येतो तो बाहेरून खेळाडू आणण्याचा. गोव्याला तर हा विषय परिचयाचा आहे. १९८५-८६ च्या मोसमात गोव्याने रणजी करंडकात पाऊल ठेवले. तेव्हापासून पाहुणे खेळाडू किती घ्यावेत, त्यांच्यामुळे स्थानिक मुलांची वाट अडते की त्यांना शिकायला मिळते, ही चर्चा इथे अधूनमधून होतच असते. या प्रश्नाचे एक जुने आणि बोलके उत्तर इंदूरच्या मैदानावर सापडते. ते समजून घ्यायचे तर नायडूंचे आयुष्यच वाचावे लागते, कारण बाहेरून आणलेला पहिला खेळाडू तेच होते आणि घरची मुले घडवणारे पहिले गुरूही तेच ठरले.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, पूर्वज मछलीपट्टणकडचे. आजोबांच्या काळात हे कुटुंब नागपुरात स्थिरावले आणि तिथे त्याने नाव, जमीनजुमला व प्रतिष्ठा मिळवली. वडील सूर्यप्रकाशराव शिक्षणासाठी केंब्रिजला गेले होते. रणजितसिंहजी त्यांचे तिथले समकालीन व स्नेही. त्यामुळे ज्या खेळाडूच्या नावाने पुढे करंडक सुरू व्हायचा होता, त्याचे नाव या मुलाने घरातच ऐकले असणार. नागपूरच्या हिस्लॉप शाळेच्या संघाचे नेतृत्व त्याने केले. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या, मराठी बोलणाऱ्या त्या शहरात तो वाढला. सहा फुटांच्या वर उंची, सडपातळ पण काटक बांधा, ताठ मान आणि लांब हात अशी त्याची शरीरयष्टी होती.

१९१६ साली मुंबईत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध तो पहिला प्रथम दर्जाचा सामना खेळला. संघाचे सात गडी ८० धावांच्या आत बाद झाले होते आणि हा नवखा मुलगा नवव्या क्रमांकावर फलंदाजीला उतरला. पहिले तीन चेंडू त्याने शांतपणे अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्याची पहिली धाव अशी षटकारातून आली. त्या काळी मोठे फटके मारणारे फलंदाज अनेक होते. पण गोऱ्या गोलंदाजांसमोर बिचकून राहायचे नसते, हे प्रेक्षकांना पटवून देणारा फलंदाज दुर्मीळ होता.

त्या काळचे इंदूरचे क्रिकेट कसे होते, हेही पाहायला हवे. जवळच महूची मोठी लष्करी छावणी होती. शहरात रेसिडेन्सीचे इंग्रज अधिकारी होते आणि राजपुत्रांसाठी डेली कॉलेज होते. खेळाची मैदाने आणि हौस दोन्ही होती, पण सातत्याने जिंकणारा संघ नव्हता. देशातले क्रिकेट मुंबईभोवती फिरत होते. इतर ठिकाणी ते राजेरजवाड्यांच्या लहरीवर आणि तिजोरीवर अवलंबून होते. खेळाडूला खेळण्याबद्दल उघडपणे वेतन देण्याची रीत सर्वमान्य नव्हती. म्हणून संस्थाने त्याला सैन्यात हुद्दा देत, नाहीतर एखाद्या खात्यात नेमत. पतियाळा, नवानगर, बडोदा ही संस्थाने पुढे याच वाटेने गेली. नवानगरने तर १९३६-३७ मध्ये ससेक्सचा बर्ट वेन्सली याच्याकडे कर्णधारपद सोपवले, अमरसिंह आणि विनू मांकड यांना हाताशी धरले आणि पहिल्याच मोसमात रणजी करंडक जिंकून दाखवला. खेळाडू मिळवण्याची ही चढाओढ दोन संस्थानांतील जुन्या वैराची जागा घेत होती.

इंदुरात नायडूंचा जम बसत असतानाच त्यांचा आश्रयदाता सिंहासनावरून दूर झाला. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचल्याने तुकोजीरावांना १९२६ साली राज्यत्याग करावा लागला. गादीवर आलेले यशवंतराव दुसरे तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १९३० मध्ये आले. ज्या राजाच्या शब्दावर आपण आलो तो राजाच गेल्यावर दुसऱ्या दरबाराची वाट धरणे त्या काळी वावगे मानले गेले नसते. नायडूंना तशी आमंत्रणे मिळणेही अवघड नव्हते. परंतु ते इंदुरातच राहिले. होळकर संघाच्या पुढच्या साऱ्या कथेचा पाया या राहण्यात आहे.

त्याच वर्षी, डिसेंबर १९२६ मध्ये, ऑर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाशी खेळत होता. नायडूंनी त्या सामन्यात १५३ धावा फटकावल्या आणि त्यांत ११ षटकार होते. एका डावात इतके षटकार तोवर जगात कोणी मारले नव्हते. त्यांच्या फटक्यांची वार्ता शहरात पसरली तशी मैदानाकडे माणसांची रीघ लागली; जागा न मिळालेल्यांनी झाडे आणि गच्च्या गाठल्या. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय क्रिकेट कसोटीच्या योग्यतेचे आहे, असे मत इंग्रजांमध्ये तयार होण्यास या खेळीचा मोठा हातभार लागला. पुढे दोन वर्षांत भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

कीर्तीच्या या शिखरावर असताना नायडू इंदुरात मुलांकडे लक्ष देत होते. पोलीस खात्यातील एका अधिकाऱ्याचा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्यांच्या नजरेत भरला. मुलगा डावखुरी फिरकी टाकत असे आणि फलंदाजी मात्र उजव्या हाताने, वाऱ्यासारखी करत असे. नायडूंनी त्याला जवळ केले, शिकवले आणि हैदराबादच्या स्पर्धेत खेळवले. तो मुलगा म्हणजे सय्यद मुश्ताक अली. १९३४ च्या जानेवारीत कोलकात्याच्या कसोटीत तो भारताकडून उतरला तेव्हा मुख्यतः गोलंदाज होता. अडीच वर्षांनी मँचेस्टरला त्याने विजय मर्चंट यांच्यासह सलामीला २०३ धावांची भागीदारी रचली आणि ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक झळकावणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. बाहेरून आणलेल्या एका खेळाडूने इंदूरला घरचा खेळाडू दिला होता. दरबाराने नायडूंवर केलेला खर्च इथेच वसूल झाला म्हणावे लागेल.

राष्ट्रीय पातळीवर मात्र नायडूंना राजसत्तेची दुसरी बाजूही सोसावी लागली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार नेमले गेले. आपल्या खेळाची मर्यादा ओळखून महाराज बाजूला झाले, उपकर्णधार दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व नायडूंकडे आले. हाताला दुखापत झालेली असताना त्यांनी पहिल्या डावात संघातील सर्वाधिक ४० धावा केल्या. सामना भारताने १५८ धावांनी गमावला, पण संघाची प्रतिष्ठा वाढली. त्या दौऱ्यात प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा आणि ६५ बळी मिळवले. विस्डेनने वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली.

त्यांची शिस्त करडी होती. काही सहकाऱ्यांना ती जाचक वाटे आणि एका सामान्य घरातील माणसाने राजघराण्यांच्या मर्जीतील खेळाडूंना आज्ञा करावी, हेही अनेकांना रुचत नसे. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या संघाविरुद्ध भारतातील पहिल्या कसोटी मालिकेत ते कर्णधार होते. मुंबई जिमखान्यावर लाला अमरनाथ यांनी ११८ धावांचे शतक झळकावले तेव्हा त्यांच्यासोबत १८६ धावांची भागीदारी करणारे दुसरे टोक नायडूंचे होते. तरीही १९३६ च्या दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळाले आणि नायडू साधे सदस्य म्हणून गेले. गटबाजीने पोखरलेल्या त्या दौऱ्यातून अमरनाथ यांना मधूनच मायदेशी पाठवण्यात आले. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू अंगावर घेऊनही नायडू उभे राहिले आणि ८१ धावा करून परतले. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना. सात कसोट्यांतील ३५० धावा एवढीच त्यांची आंतरराष्ट्रीय नोंद आहे. या माणसाचे मोठेपण त्या आकड्यात मावत नाही, कारण त्यांचे सर्वात दीर्घ काम अजून व्हायचे होते.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा इंदूरचे खेळाडू सेंट्रल इंडिया या नावाच्या संघातून खेळत. नायडू आणि मुश्ताक यांच्यासारखे खेळाडू त्या प्रदेशात असूनही हा संघ एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. दोन तारे आणि नऊ हौशी खेळाडू घेऊन करंडक जिंकता येत नाही, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. १९४१-४२ च्या मोसमापासून संघ होळकर या नावाने उतरू लागला. यशवंतराव महाराजांचा पाठिंबा त्याला होताच; आता संघबांधणी पद्धतशीर होऊ लागली. पहिली तीन वर्षे तरीही अंतिम फेरीविना गेली. त्यानंतर जे घडले त्याला भारतीय क्रिकेटमध्ये फारशी तोड नाही.

या संघात माणसे कुठून कुठून आली ते पाहण्यासारखे आहे. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू बडोद्याकडून खेळत होते आणि १९४२-४३ मध्ये त्यांनी रणजीच्या एकाच मोसमात ४० बळी घेतले होते. ते होळकर संघात आले. चंदू सरवटे सागरचे. फलंदाज आणि फिरकी गोलंदाज असलेले सरवटे व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे आणि खंडू रांगणेकर मुंबईचे. कमल भांडारकर, माधवसिंह जगदाळे आणि जे. एन. भाया हेही या संघाचे आधारस्तंभ ठरले. मराठी नावांची ही रांग पाहिली म्हणजे मुंबई-पुण्याबाहेरही मराठी खेळाडूंना एक मोठे घर मिळाले होते हे लक्षात येते.

दुसऱ्या महायुद्धाने या संघाला एक अनपेक्षित पाहुणाही मिळवून दिला. इंग्लंडचा नामवंत फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी सेवेत महूच्या छावणीत होता. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तो होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर उतरला. विजय मर्चंट यांनी मुंबईसाठी २७८ धावा केल्या आणि होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य ठेवले गेले. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके काढली, कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला आणि संघाने ४९२ पर्यंत मजल मारली. दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झालेल्या त्या सामन्यात सी. एस. नायडू यांनी एकट्याने ९१७ चेंडू टाकले. होळकर ३७४ धावांनी हरले. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेमागे शंभर रुपये देण्याचे एका धनिकाने कबूल केले होते आणि हिशेबाच्या वेळी तो गावाबाहेर गेल्याचे कळले, असा किस्सा कॉम्प्टन पुढे हसत सांगत असे. पाहुणा आला, गाजला आणि निघून गेला. करंडक मात्र त्याच्या जाण्यानंतर आला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

कारण पुढच्याच मोसमात, १९४५-४६ मध्ये, होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी शतके केली. एका ताऱ्यावर विसंबून राहण्याचे दिवस संपले होते. अंतिम सामन्यात गाठ बडोद्याशी पडली. नायडूंचे वय पन्नास उलटलेले होते. त्या वयात त्यांनी २०० धावा केल्या. त्यांच्या प्रथम दर्जाच्या कारकिर्दीतील हीच सर्वोच्च खेळी. होळकरांनी सामना ५६ धावांनी जिंकला आणि रणजी करंडक पहिल्यांदा इंदूरला आला. नायडू या शहरात आले त्याला तेव्हा बावीस वर्षे लोटली होती.

बडोद्याने दुसऱ्याच वर्षी हिशेब चुकता केला. तेही संस्थान खेळाडू जमवण्यात मागे नव्हते; सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद त्यांच्याकडे होते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात या दोघांनी होळकरांच्या गोलंदाजीवर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीचा हा विश्वविक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. होळकरांचा एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव झाला. एखादा संघ अशा माराखाली मोडून पडला असता. नायडूंचा संघ पुढच्या मोसमात, १९४७-४८ मध्ये, पुन्हा अंतिम फेरीत आला आणि त्याने मुंबईला नऊ गडी राखून हरवले.

कर्णधार म्हणून नायडूंची पद्धत सैनिकी होती. वेळ पाळणे, ताठ उभे राहणे, क्षेत्ररक्षणात अंग न चोरणे यांत ते सवलत देत नसत. चेंडू अंगावर बसला तर ती जागा चोळणेही त्यांना कमीपणाचे वाटे, असे त्यांच्याबरोबर खेळलेले सांगत. हा नियम त्यांनी स्वतःवर आधी लागू केला. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला आणि दोन दात पडले. छप्पन्न वर्षांच्या कर्णधाराने उपचार नाकारून फलंदाजी पुढे चालू ठेवली. होळकर तो सामना ५३१ धावांच्या प्रचंड फरकाने हरले. पण संघातील तरुणांनी त्या दिवशी जे पाहिले ते कोणत्याही सरावातून शिकवता येण्यासारखे नव्हते. वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या अपेक्षा घेऊन आलेल्या खेळाडूंना एका सूत्रात बांधण्याचे काम दरबाराची थैली करू शकत नव्हती. ते काम या उदाहरणाने केले.

नायडूंच्या नेतृत्वाखाली नऊ मोसमांत होळकर संघ आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. शेवटचा विजय कोलकात्यात बंगालविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर मिळाला. तेव्हा नायडू सत्तावन्न वर्षांचे होते. त्यानंतरच्या दोन वर्षांतही होळकर संघ अंतिम फेरीत गेला, पण आधी मुंबईकडून आणि मग मद्रासकडून हरला. चौदा मोसमांत दहा अंतिम सामने, ही मुंबई वगळता कोणालाही हेवा वाटावा अशी कामगिरी आहे.

या यशाच्या काळातच त्याच्या मुळाखालची माती सरकत होती. मे १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. संस्थानचे सैन्य, हुद्दे, खाती, ज्यांच्या आधारे खेळाडू इंदूरला बोलावले जात, ती व्यवस्थाच संपली. संघाचे नाव आणखी काही वर्षे टिकले, जमलेली माणसे खेळत राहिली, परंतु नव्यांना बोलावण्याचे बळ ओसरत गेले. १९५४-५५ च्या मोसमानंतर होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यातून नाहीसे झाले आणि मध्य भारत व पुढे मध्य प्रदेश या नावांनी संघ खेळू लागला. राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या संघाची ही मर्यादा होती. गादी गेल्यावर त्याचा भार उचलणारी तितकीच भक्कम संस्था इंदुरात तयार झालेली नव्हती. नायडूंच्या कर्तृत्वाचा गौरव करतानाही ही उणीव झाकता येत नाही.

नायडू मात्र थांबले नाहीत. नव्याने निर्माण झालेल्या आंध्रचा संघ १९५३-५४ मध्ये रणजीत प्रथमच उतरला तेव्हा त्याचे कर्णधारपद त्यांनी स्वीकारले. ज्या भूमीतून आजोबांचे घराणे निघाले होते, तिथल्या अननुभवी मुलांना मैदानावर उभे करण्यासाठी हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस गेला. १९५६-५७ मध्ये वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले. दुबळ्या संघांना या वयातही त्यांची गरज वाटत होती, यावरून त्यांच्या नावाचे वजन समजते. निवड समितीचे अध्यक्षपद, क्रिकेट मंडळाचे उपाध्यक्षपद आणि १९५६ मध्ये पद्मभूषण असे मान त्यांच्याकडे चालत आले. १९६३-६४ च्या मोसमात, अडुसष्टाव्या वर्षी, संरक्षण निधीसाठी झालेल्या सामन्यात ते जन्मगावी नागपूरला अखेरचा प्रथम दर्जाचा सामना खेळले. १९१६ पासून त्या दिवसापर्यंत त्यांच्या नावावर २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी जमा झाले होते.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. आंध्र आणि उत्तर प्रदेशची फेरी करून आलेला हा मुसाफिर शेवटी आपल्या निवडलेल्या गावी विसावला. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू याच शहरात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. क्रिकेटचे समालोचन करणाऱ्या देशातील आद्य स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते आणि वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. संघातले सोबतीही तसेच रुजले. कोणत्याही दरबाराचा हुकूम उरला नसताना मुश्ताक अली, सागरहून आलेले सरवटे आणि नागपूरहून आलेले गायकवाड या तिघांनीही अखेरचा श्वास इंदुरातच घेतला. जगदाळे घराण्याची पुढची पिढीही मध्य प्रदेशच्या क्रिकेटमध्ये राबली. नायडूंच्या नावाने आज देशातील तरुण खेळाडूंची स्पर्धा होते आणि मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो.

होळकरांचा शेवटचा करंडक १९५३ मधला. त्यानंतर मध्य प्रदेशला रणजी करंडकासाठी जून २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. बंगळुरूच्या अंतिम सामन्यात मुंबईला हरवणाऱ्या त्या संघात इंदूरच्या रजत पाटीदारने शतक केले होते. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मूळचे मुंबईचे. त्यांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेश १९९८-९९ मध्ये याच मैदानावर अंतिम सामना हरला होता. शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेला, बाहेरून आलेला एक गुरू आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली घरची मुले, असे हे चित्र होते. इंदूरच्या जुन्या जाणत्यांना त्यात ओळखीचे काही दिसले असेल तर नवल नाही.

गोव्यासारख्या छोट्या राज्याने या चरित्रातून काय घ्यावे? खेळाडू बाहेरून आणण्यात गैर काही नाही. होळकरांनी तेच केले आणि ते उघडपणे केले. पण कॉम्प्टनच्या २४९ धावांनी जो करंडक आला नाही, तो पुढच्या वर्षी रुजलेल्या खेळाडूंनी आणला. येणारा खेळाडू किती धावा करून देईल या हिशेबाबरोबरच तो कोणाला घडवून जाईल, हाही हिशेब करार करताना मांडला पाहिजे. आणि ज्या आधारावर त्याला बोलावले तो आधार एका व्यक्तीच्या मर्जीवर टिकून असेल, तर ती व्यक्ती दूर झाल्यावर संघाचे काय होते, हे इंदूरने सत्तर वर्षे अनुभवले आहे. नायडूंनी आपल्या वाट्याचे काम चोख केले होते. पोलीस अधिकाऱ्याच्या तेरा वर्षांच्या मुलाला त्यांनी जेव्हा हाताशी धरले, तेव्हा तसे करायला त्यांना कोणत्याही करारात सांगितलेले नव्हते.